पेठेतला मुक्काम

बावड्याहून पुण्याला जायचं म्हटलं की आपलं गणित ठरलेलं असतं. पहाटेची गाडी धरायची, इंदापूर, भिगवण, पाटस, यवत करत स्वारगेटला उतरायचं, रिक्षाने लक्ष्मी रस्ता गाठायचा, लग्नाचा बस्ता नाहीतर कोर्टाचं किंवा दवाखान्याचं काम एका दमात उरकायचं आणि रात्रीच्या गाडीत पेंगत परत यायचं. मुक्काम पडलाच तर हडपसर, कात्रज, नाहीतर सिंहगड रस्त्याकडच्या पाहुण्यांकडे, आणि तिथून सकाळी पुन्हा शहरात यायला तासभर मोडतो. अशाने वर्षानुवर्षं पुण्याला जाऊनही आपली ओळख स्वारगेटचं स्थानक आणि दोन-तीन दुकानं यांच्यापलीकडे जात नाही. माझं सांगणं असं, की वर्षातून एकदा तरी काम दोन दिवसांत वाटून घ्यावं आणि रात्री थेट जुन्या पेठेत, जुन्या लॉजमध्ये उतरावं. पेठांचं खरं पुणं सकाळी सहा ते नऊ आणि रात्री नऊच्या पुढे दिसतं. त्या दोन्ही वेळांना आपण नेमके एसटीत असतो.

राजस्थानात महालांची हॉटेलं झाली तसा प्रकार पुण्याच्या पेठांत शोधू नका. इथे उतरायची जुनी जागा म्हणजे लॉजिंग-बोर्डिंग. खाली रस्त्याला दुकानं, त्यांच्यामधून वर जाणारा जिना, गल्ल्यावर घरातलंच कोणीतरी, एका मजल्यावर जेवणाची खोली आणि वर राहायच्या खोल्या. यातलं सगळ्यात नाव असलेलं ठिकाण म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्टाजवळचं पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या काळात पुण्यात चित्रपट काढणारे नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ मध्ये सुरू केलं. पुढे त्यांचे चिरंजीव चारुदत्त सरपोतदार, म्हणजे नाटक-सिनेमातल्या मंडळींचे चारुकाका, यांनी ते सांभाळलं आणि त्यांच्यानंतरही ते घरातच राहिलं. कलावंतांचा तिथे कायम राबता असायचा. थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी असं घरचं खाणं आणि गावाच्या मधोमध उतरायची सोय या दोन गोष्टींवर ते इतकी वर्षं टिकलं आहे.

अशा जागांना आपल्या इतिहासात मोठं स्थान आहे आणि आपण ते पुरेसं ओळखत नाही. लोकमान्य टिळक मुंबईत उतरायचे ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही त्याच सरदारगृहात. ते तेव्हा उतारूंसाठीचंच ठिकाण होतं. खटल्यासाठी आलेला शेतकरी, दौऱ्यावरचा नट आणि सभेसाठी आलेला पुढारी एकाच छपराखाली झोपतील अशी शहरातली दुसरी जागा कुठली होती? म्हणून जुन्या लॉजचा जिना चढताना घाईने खोलीत शिरू नका. भिंतीवर फोटो असतात, ते बघा. गल्ल्यावरच्या वयस्कर माणसाला वेळ असेल तर दोन गोष्टी विचारा. अशी माणसं भरभरून बोलतात.

नावात ‘हेरिटेज’ आहे म्हणून जागा जुनी असतेच असं नाही. प्लायवूडचे खांब आणि छापील वारली चित्रं लावून जुनेपणा आणलेली ठिकाणं आता बरीच आहेत. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचे जादा पैसे देऊ नका. खरी जुनी इमारत ओळखायची तर जिना आणि भिंत बघा. आपल्याकडच्या पाटलांच्या वाड्यात जे बघितलं तेच इथेही असतं. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, हातभर जाड भिंती, मधे चौक. खिडकीच्या कोनाड्यात बसता येईल इतकी भिंत जाड असेल तर खोली उन्हाळ्यातही गार राहते. एसी नसला तरी मे महिन्याची रात्र अशा खोलीत निभावते, हा जुन्या बांधणीचा मोठा फायदा. आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या नारायण, शनिवार आणि कसबा पेठेचा सखल भाग पाण्याखाली गेला आणि शेकडो वाडे पडले. त्यामुळे नदीला लागून असलेल्या गल्ल्यांत जुनी इमारत क्वचितच सापडते. ती हवी असेल तर नदीपासून वरच्या अंगाला, लक्ष्मी रस्ता, बुधवार, सदाशिव, शुक्रवार पेठेकडे शोधावी.

जुनी इमारत आणि मोडकळीला आलेली इमारत यांत फरक करायला मात्र शिकलं पाहिजे. पावसाळ्याआधी महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, ते उगीच नाही. भिंतीला पोट सुटलंय, तुळईला टेकू दिलाय, छतावर ओलीचे नकाशे उमटलेत, विजेच्या वायरी उघड्या लोंबतायत, असं दिसलं तर भाडं कितीही कमी असो, तिथून निघा. लाकडी जिन्याच्या इमारतीत बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का, हे खोली घेण्याआधीच विचारा. कोणी या प्रश्नाला हसलं तर हसू द्या. आपली इस्त्री, शेगडी, पाणी तापवायचा रॉड अशा इमारतीत अजिबात लावू नका. जुन्या वायरिंगवर तो भार झेपत नाही, आणि लाकडी माडीला आग लागली तर ती आटोक्यात यायला फार वेळ लागतो. शनिवारवाड्याच्या आतल्या लाकडी इमारती १८२८ च्या आगीत जळून गेल्या आणि मागे जोती आणि तटच उरले, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

फोनवर काय विचारायचं

निघायच्या आठवडाभर आधी फोन करावा. सुटीच्या दिवसांत, लग्नसराईत आणखी लवकर. इंटरनेटवर एकाच लॉजच्या नावाखाली दोन-दोन नंबर सापडतात आणि त्यातला एखादा भामट्याचा निघतो. म्हणून आगाऊ पैसे पाठवायच्या आधी खात्री करा. कोणी ओळखीचं पुण्यात असेल तर त्याला पाटीवरचा नंबर बघून कळवायला सांगा. पैसे पाठवल्यावर तारीख, खोलीचा प्रकार आणि भरलेली रक्कम लिहिलेला मेसेज मागून घ्या.

खोली कितव्या मजल्यावर, आणि लिफ्ट आहे का, हा पहिला प्रश्न. जुन्या इमारतीत बहुधा नसते. बरोबर गुडघे दुखणारी आजी असेल, किंवा नुकतंच ऑपरेशन झालेला रुग्ण असेल, तर पहिल्या मजल्यावरची खोली मिळणार असेल तरच जा. नाहीतर पेठेतल्या मुक्कामाचा हट्ट सोडा आणि दवाखान्याजवळ नव्या इमारतीत उतरा. रास्ता पेठेतल्या केईएमसारख्या ठिकाणी नातेवाईक दाखल असेल तर पूर्वेकडच्या पेठांत लॉज बघितलेलं बरं, रात्री-अपरात्री चालत जाता येतं.

खोलीची खिडकी रस्त्याला आहे की आतल्या चौकाला, हे नक्की विचारा. लक्ष्मी रस्त्याला खिडकी म्हणजे रात्री दहापर्यंत हॉर्न, मग मालाचे टेम्पो, आणि पहाटे पुन्हा सगळं सुरू. ज्यांना गर्दी बघायला आवडते त्यांच्यासाठी ही खिडकी म्हणजे पर्वणीच आहे. झोप हलकी असेल, लहान मूल बरोबर असेल, तर आतली खोली मागा. तिथे उजेड कमी असतो, पण झोप लागते. संडास-बाथरूम खोलीतच आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, हेही विचारून ठेवा. बऱ्याच जुन्या ठिकाणी गरम पाणी सकाळच्या ठराविक वेळेतच मिळतं. आपण शेतकरी माणसं पाचला उठतो, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही. पाणी मात्र जपून वापरा. खडकवासल्याच्या आवर्तनाची वाट कालव्याच्या टोकाला इंदापूर तालुका बघत बसतो, त्याच धरणसाखळीचं पाणी पुण्याच्या नळाला येतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

खोली चोवीस तासांच्या हिशेबाने मिळते की दुपारी ठराविक वेळेला सोडावी लागते, हे ठिकाणागणिक बदलतं. आपली गाडी सकाळी नऊ-दहाला स्वारगेटला पोचते. खोली बाराला मिळणार असेल तर तोवर बॅगा गल्ल्यावर ठेवून घेतात का, ते आधीच ठरवा. रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो, हा प्रश्न लोक विसरतात आणि भरत नाट्य मंदिरात नाटक बघून परत आल्यावर शटर वाजवत उभे राहतात. नाटकाला जाणार असाल तर तसं सांगून जा, दार उघडायला कोणीतरी जागं राहतं.

गाडी घेऊन जाणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, पेठेत चारचाकी नेऊ नका. रस्ते बहुतेक एकेरी, पार्किंग सम-विषम तारखांवर, आणि चुकलात की गाडी उचलून नेतात. गाडी स्वारगेटच्या बाजूला कुठेतरी अधिकृत वाहनतळावर लावा आणि मेट्रो धरा. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या लोकांची मोठी सोय झाली आहे. स्वारगेटला बसायचं आणि पुढच्याच मंडई स्थानकावर उतरायचं. वर आलात की तुळशीबाग, दगडूशेठ आणि लक्ष्मी रस्ता सगळं पायाखाली. कसबा पेठेत उतरणार असाल तर आणखी एक स्थानक पुढे.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची प्रत देताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते आणि ओळखीसाठी चालते. घरातलं कोणी अमेरिकेहून, दुबईहून आलेलं असेल आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर खोली ठरवतानाच तसं सांगा. अशा पाहुण्याची माहिती लॉजवाल्याला चोवीस तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. सगळ्या छोट्या लॉजकडे ती सोय नसते, आणि रात्री सामानासकट परत फिरण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. बिल मागून घ्या. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. जुना १२ टक्क्यांचा दर कोणी लावला तर दाखवून द्या.

बुधवार पेठेचं नाव काढलं की गावाकडे काही जण भुवया उंचावतात आणि बायका-मुलांना घेऊन तिथे उतरायला बिचकतात. त्यांच्यासाठी स्पष्टच लिहितो. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीच्या गल्ल्या मोजक्या आहेत. त्याच पेठेत दगडूशेठ हलवाई गणपती आहे, तांबडी जोगेश्वरी आहे, अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार आहे. हजारो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात. वस्तीतल्या बायकांकडे टक लावून बघू नये, फोटो तर मुळीच काढू नये. ज्याला हे पाळता येतं त्याने बिनघोर उतरावं.

पत्ता कसा विचारायचा

जिना चढायची सुद्धा एक रीत असते. जुन्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या उंच आणि अरुंद, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. वर चढताना आधाराला कठडा नाहीतर छतातून सोडलेला दोर असतो, शंभर हातांनी गुळगुळीत झालेला. पाऊल मधल्या खळग्यात न ठेवता भिंतीच्या कडेने ठेवा, तिथे लाकूड शाबूत असतं आणि करकरतही नाही. उतरताना बॅग पुढच्या हातात धरू नका, पायरी दिसत नाही. नऊवारी नेसलेल्या बायकांनी ओचा सावरून आधी रिकाम्या हाताने उतरावं, सामान मागून कोणीतरी आणतं. ही बारीकसारीक काळजी वाटते, पण पहिल्याच रात्री पाय मुरगळला की पुढचे दोन दिवस फुकट जातात.

पेठेत चालायला लागलात की मोबाइलचा नकाशा बोळात शिरून गोंधळतो. इथले पत्ते देवांवर चालतात. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती. लॉजवर निघताना विचारून ठेवा, आपण कोणत्या देवळाजवळ आहोत, आणि परत येताना तेच नाव घ्या. दुकानदार, रिक्षावाला, पोरंसोरं सगळे बरोबर वाट दाखवतील. पुणेकर पत्ता नीट सांगत नाहीत ही अफवा आहे. दुपारी एक ते चार या वेळेत विचारायचं टाळा, एवढं पाळलं तर काही अडत नाही. चितळ्यांनी २०१७ पासून दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तरी कितीतरी छोटी दुकानं अजून दुपारी झोपतात. तेवढा वेळ आपणही जाड भिंतींच्या गार खोलीत आडवं व्हावं. मुक्काम केल्याचा हाच तर फायदा.

संध्याकाळी खरेदी. बस्त्याचं मोठं काम असेल तर ते पहिल्या दिवशी संध्याकाळी फक्त बघून या, भाव काढा, घरी फोन करून विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच घ्या. रात्रीची गाडी चुकायच्या भीतीने शेवटच्या अर्ध्या तासात घेतलेल्या पैठणीचा रंग घरी येऊन कोणालाच पटत नाही, हे आपल्या गावातल्या कितीतरी लग्नांत बघितलं आहे. सकाळी दुकानदारही ताजातवाना असतो आणि घड्या मोडून दाखवायला कंटाळत नाही.

रात्री साडेनऊ-दहाला दुकानं बंद झाली की लक्ष्मी रस्त्यावर पुन्हा एकदा फिरायला बाहेर पडा. दिवसा डोळे पाट्यांवर असतात. आता मान वर करा. पाट्यांच्या वरच्या मजल्यांवर लाकडी सज्जे, कोरीव कठडे, रंगीत काचांच्या खिडक्या अजून शिल्लक आहेत. तिथून थोरल्या बाजीराव रस्त्यावर वळलात की विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग समोर येतो. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब आणि त्यांनी तोललेला लांबच लांब सज्जा रस्त्याच्या दिव्यात जेवढा सुंदर दिसतो तेवढा दिवसाच्या रहदारीत दिसत नाही. १८७९ च्या आगीत या वाड्याचंही नुकसान झालं आणि लोकांनी तो पुन्हा उभा केला. आत जायचं ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी सहाला खाली उतरा. कसबा गणपतीच्या देवळात त्या वेळी शांतपणे दर्शन होतं. जवळच लाल महाल आहे, पण आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात नव्याने बांधलेली आहे, हे मुलांना सांगा, म्हणजे ती शिवकालीन भिंती शोधत बसणार नाहीत. शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला घातला आणि दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, ते जवळ जाऊन बघण्यासारखे. तिथून मंडईत यावं. आठ कोनांच्या मनोऱ्याभोवती पंख पसरलेली ही दगडी इमारत १८८६ ची. तेव्हा तिला गव्हर्नर रे यांचं नाव होतं, आज ती महात्मा फुले मंडई आहे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. आपला माल बहुतेक गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो, इथे येतो तो तिथून फिरून. ओट्यावर रचलेल्या डाळिंबांचा भाव विचारा आणि आपल्या बांधावर व्यापाऱ्याने काय दिला होता तो आठवा. मधली साखळी किती लांब आहे ते कुठल्याही भाषणापेक्षा तिथे जास्त कळतं.

दहा वाजता शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय उघडलं की थेट तिथे जावं. या एका ठिकाणासाठी मी दोन तास राखून ठेवायला सांगेन. दिनकर केळकर यांनी खेडोपाडी, गल्लोगल्ली फिरून घरातल्या वस्तू गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांची शस्त्रं आहेतच, कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल आहे. पण थांबायचं ते अडकित्त्यांपाशी, दिव्यांपाशी, कुलपांपाशी, विळ्या आणि किसण्यांपाशी. मोराच्या, घोड्याच्या, माणसांच्या आकाराचे अडकित्ते, पितळी समया, वज्री, करंडे. यातलं निम्मं आपल्या आज्ज्यांच्या फडताळात होतं आणि आपण ते भांडीवाल्याला वजनावर घातलं. म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या आणि त्यांना बोलू द्या. कुठली वस्तू कशाला वापरायची हे पाटीपेक्षा ती चांगलं सांगतात. घरी आल्यावर माळ्यावरचं काही विकायच्या आधी दोनदा विचार होतो.

खाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते ज्याच्या त्याच्या जिभेवर आहे. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ आपल्याकडच्या झणझणीत रश्श्याच्या मानाने गोडसर लागेल, तरी एकदा खाऊन बघावी. केसरीवाड्याजवळच्या प्रभा विश्रांतिगृहात बटाटेवडा. केसरीवाडा म्हणजे टिळकांचा वाडा, तोही त्याच फेरीत होतो. ताटभर जेवायचं तर टिळक रस्त्यावरची बादशाही, १९३२ पासूनची. मटण-भाकरीशिवाय चैन पडत नसेल तर सदाशिव पेठेत आवारे यांची खाणावळ आहे. लॉजवरच जेवणाची सोय असेल तर एक वेळ तिथे जरूर जेवा. जुन्या बोर्डिंगची ओळख खोलीपेक्षा पंक्तीत जास्त होते.

कधी जावं, कधी जाऊ नये

गणेशोत्सवात पेठेत राहायला मिळणं भाग्याचं, पण त्यासाठी महिने आधी सांगून ठेवावं लागतं. अनंत चतुर्दशीला मंडईपासून निघालेली मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे जाते आणि दुसरा दिवस उजाडून चढला तरी चालू असते. तुमचं लॉज त्या रस्त्यावर असेल तर तेवढा वेळ तुम्ही आत नाहीतर बाहेर, मधे काही नाही. औषधं, दूध, पाण्याच्या बाटल्या आधीच वर आणून ठेवा. ढोल सहन होत नसेल, घरात हृदयरोगी किंवा तान्हं मूल असेल, तर ते दोन दिवस टाळा. मानाचे गणपती आधीच्या आठवड्यात निवांत बघता येतात.

पालखीचे दोन दिवसही असेच. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. पूर्वेकडच्या पेठांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तीच तुकोबांची पालखी पुण्यातून निघाल्यावर दहा-बारा दिवसांत इंदापूर सोडून आपल्या बावड्यावरून सराटीला जाते. आपण इकडे दिंड्यांना घरं उघडून देतो, तिकडे पेठेतले लोक देतात. नाना पेठेत गेलात आणि बावड्याहून आलो म्हणून सांगितलंत तर एखादा जुना दिंडीकरी तुम्हाला ओळखीचं हसेल. एरवी दिवाळी संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम, आणि शनिवार-रविवार सोडून. ऊसतोडीच्या दिवसांत शेतातून निघणं अवघड असतं, हे मान्य. मग भावाभावांनी आळीपाळीने जावं.

लॉजवर वागण्याबद्दल एवढंच, की लाकडी माडीवर तुमचं पाऊल खालच्या खोलीतल्याच्या डोक्यावर वाजतं. रात्री दहानंतर चपला काढून चालावं, फोनवर मोठ्याने बोलू नये. खोलीत अंथरूण जुनं पण धुतलेलं असावं, एवढी अपेक्षा हक्काने ठेवावी आणि नसेल तर बदलून मागावं. नव्या हॉटेलातल्या सगळ्या सोयी इथे मिळणार नाहीत. पण स्वच्छता ही सोय नसून किमान गोष्ट आहे, तिथे तडजोड करू नका. काम करणाऱ्या पोरांपैकी पुष्कळ जण आपल्यासारखेच कुठल्यातरी तालुक्यातून आलेले असतात. निघताना त्यांच्या हातावर काही ठेवावं.

खोली सोडल्यावर बॅगा गल्ल्यावर ठेवून उरलेली खरेदी करता येते, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. दागिने आणि रोकड मात्र त्या बॅगेत ठेवू नका, अंगावर बाळगा. परतीला मंडईहून मेट्रोने स्वारगेट. अकलूजकडची थेट गाडी मिळाली तर बावड्यातच उतराल. ती गेली असेल तर इंदापूरची गाडी धरा. सोलापूरच्या गाडीत बसायची वेळ आली तर चढण्याआधी वाहकाला विचारा, गाडी इंदापूर स्थानकात जाते की महामार्गावरच सोडते, आणि तिथून बावड्याकडे शेवटची गाडी किती वाजता आहे. रात्र झाली असेल तर गावातून कोणालातरी मोटारसायकल घेऊन इंदापूरला बोलावून ठेवा, म्हणजे बस्त्याचे गठ्ठे घेऊन फाट्यावर ताटकळत बसावं लागणार नाही.